परसातील घेवडा आणि अहिंसेची कसोटी

चातुर्मास सुरू झाला की जैन घरातील भाजीची टोपली एकाएकी लहान होते. पालेभाज्या बाजूला पडतात, कंदमुळे तर बाराही महिने वर्ज्य, आणि पावसाळी हवेत कोणत्या भाजीत जीव आढळेल याचा नेम नसल्याने प्रत्येक जिन्नस उजेडात धरून पाहावा लागतो. अशा दिवसांत घेवडा, चवळी आणि गवार यांच्या शेंगांवर स्वयंपाकघराचा मोठा भार येतो. शेंग उलगडून पाहता येते, दाणा न् दाणा तपासता येतो, म्हणून ती श्राविकेला विश्वासाची वाटते. परंतु निसर्गाचा क्रम असा की, ज्या दिवसांत शेंग आपल्याला हवीशी होते, त्याच दिवसांत ती मावा, तुडतुडे आणि अळी यांनाही हवी असते. परसात चार वेल लावणाऱ्या प्रत्येक घरापुढे मग एक प्रश्न उभा राहतो. वेल वाचवायचा कसा, आणि तो वाचवताना व्रत सांभाळायचे कसे?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले, दुकानातून विषाची बाटली आणावी आणि फवारून मोकळे व्हावे. दुसरे, जे होईल ते होवो असे म्हणून हात जोडून स्वस्थ बसावे. पहिल्यात निर्दयता आहे, तर दुसऱ्यात प्रमाद. जैन आचारधर्माची वाट या दोहोंमधून जाते आणि तिचे नाव यत्नाचार. ही वाट परसातील घेवड्याच्या वेलीपर्यंत कशी पोहोचते, ते या लेखात पाहू.

तेरखेडा आणि त्याचा परिसर

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे सोलापूर-धुळे महामार्गावरील गाव महाराष्ट्रात फटाक्यांच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. दारूकामात वावरणाऱ्या माणसाला सावधपणाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. एक ठिणगी काय करू शकते हे त्याला पुरते ठाऊक असते. विषाच्या बाबतीत मात्र हाच सावधपणा आपण विसरतो, कारण विषाचा आवाज होत नाही.

हा सारा भाग बालाघाटच्या डोंगररांगांचा, बेभरवशाच्या पावसाचा. तूर, उडीद, मूग, हरभरा ही येथली पिके, म्हणजे सारीच शेंगवर्गीय. परसातील घेवडा हा याच कुळातला, त्यामुळे शिवारातील तुरीवर वा हरभऱ्यावर जी कीड येते, ती परसातील वेलीचा पत्ताही शोधून काढते. बाजारपेठेच्या गावांतील जुन्या व्यापारी घरांची रचना आठवावी. दर्शनी भागी दुकान, मागे राहते घर, त्यामागे परस, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेला एखादा वेल. पाणी कमी, जागा कमी, पण शेंग घरची. अशा ठिकाणी रासायनिक विष फवारणे म्हणजे तुळशीजवळ, पिण्याच्या पाण्याजवळ आणि खेळत्या मुलांच्या अंगणात विष नेणे होय.

याच जिल्ह्यात कुंथलगिरी आहे. कुलभूषण आणि देशभूषण मुनींची ती निर्वाणभूमी. १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला. वाटेवरील मुंगीसाठी पाऊल थांबवणाऱ्या परंपरेचा वारसा ज्या भूमीला लाभला, तेथील श्रावकाने आपल्या परसाचा विचार त्याच कसोटीवर करावा, यात अवाजवी काही नाही.

हिंसेचा हिशेब

शेती जैन विचाराला परकी नाही. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे मानवाला शिकवली असे आदिपुराण सांगते. त्यात कृषीला मानाचे स्थान आहे. तरीही भूमी उकरणे, पाणी देणे, पीक कापणे यांत हिंसा आहे हे आपल्या आचार्यांनी कधी लपवले नाही. त्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले. हेतुपूर्वक मारणे ही संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट यांसारख्या घरकामात घडते ती आरंभी. उपजीविकेच्या व्यवसायात घडते ती उद्योगी. आणि आत्मरक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. मुनींना चारही त्याज्य. गृहस्थाला शेवटच्या तीन पूर्णतः टाळता येत नाहीत, त्या त्याने शक्य तितक्या कमी कराव्यात. संकल्पी हिंसा मात्र त्यानेही सर्वथा सोडावी, अशी मर्यादा घालून दिलेली आहे.

आता परसातील फवारणी या चारांपैकी कोणत्या खात्यात लिहायची? व्यापारी माणसाला खाते चुकले की ताळेबंद चुकतो हे सांगायला नको. वेलीला पाणी घालताना नकळत एखादा जीव दुखावला गेला तर ती आरंभी हिंसा. पण मावा मरावा याच हेतूने विष शिंपडले तर त्यात संकल्प आहे. कोणी म्हणेल, ही विरोधी हिंसा आहे, कीड आपल्यावर चालून आली आहे. परंतु विरोधी हिंसेची सवलत प्राण, कुटुंब आणि धर्म यांच्या रक्षणासाठी आहे. वाटीभर शेंगांसाठी ती ढाल पुढे करणे शोभत नाही. ज्या शेतकऱ्याचे वर्षाचे पोट तुरीच्या एका पिकावर अवलंबून आहे, त्याचा प्रश्न निराळा आणि अधिक अवघड. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ज्यांची चूल दुकानावर चालते आणि परस केवळ आवडीखातर राखलेले असते, त्यांना अधिक संयम परवडतो. तो त्यांनी पाळावा.

तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या चढत्या क्रमाने कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य यांची उदाहरणे दिली आहेत. शेंगेतील अळी कृमीच्या पंक्तीतली, वेलीवर चढणारी मुंगी तीन इंद्रियांची, फुलावर येणारी मधमाशी चार इंद्रियांची. एका फवाऱ्यात या तिन्ही पंक्ती एकदम उठतात. हे ज्याला दिसले, त्याचा हात बाटलीकडे सहज जाणार नाही.

आधी पाहुण्यांची ओळख

उपाय करण्यापूर्वी वेलीवर कोण आले आहे ते ओळखले पाहिजे. पुष्कळदा ज्याला आपण शत्रू समजतो तो केवळ वाटसरू असतो.

मावा हा कोवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांवर काळसर वा हिरवट थराने बसतो व रस शोषतो. तो गोड चिकट स्राव सोडतो. त्या गोडव्यासाठी मुंग्या येतात आणि गवळ्याने गाई राखाव्यात तशा माव्याला राखतात, त्याच्या शत्रूंना हुसकतात. त्याच स्रावावर पुढे काळी बुरशी धरते. म्हणून वेलीवर मुंग्यांची रांग दिसली की वर मावा आहे हे समजावे. ढगाळ, दमट हवेत त्याची संख्या झपाट्याने वाढते.

पांढरी माशी आणि तुडतुडे पानांच्या मागच्या बाजूस असतात. वेल हलवला की पांढरा चुरा उडावा तशी माशी उडते. तिच्यामुळे पिवळ्या केवड्याचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. लाल कोळी कोरड्या, धुळीच्या दिवसांत येतो. पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे कोष्ट्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. फुलकिडे फुलांत दडतात. शेंगा पोखरणारी अळी फुले व कोवळ्या शेंगा धाग्यांनी एकत्र गुंफते आणि आत शिरून दाणे खाते. हरभऱ्यावरची घाटेअळी हीही शेंगांची पाहुणी.

या मंडळींबरोबर काही हितचिंतकही येतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याची करड्या रंगाची, काहीशी भीतिदायक दिसणारी अळी माव्यावरच जगतात. जाळीदार हिरव्या पंखांचा क्रायसोपा, कोळी, चतुर, चिमण्या, दयाळ हे सारे निसर्गाचे चौकीदार. रासायनिक फवारणीत आधी हे मरतात. मग उरलेल्या किडीला रान मोकळे मिळते आणि महिन्याभरात ती पूर्वीहून अधिक वाढते. काही तीव्र औषधांच्या फवारणीनंतर लाल कोळी उसळतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

येथे एक सूक्ष्म विवेक करावा लागतो. हल्ली मित्रकीटक विकत मिळतात. मावा खाण्यासाठी ढालकिडे मुद्दाम आणून सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हिंसा करवणे नव्हे काय, असा प्रश्न व्रती श्रावकाला पडेल आणि तो योग्य आहे. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही तपासले जाते. परंतु जे कीटक आपणहून आले आहेत त्यांना न मारणे, त्यांना आसरा ठरणारी झुडपे न तोडणे, यात कारिताचा दोष नाही. तो केवळ निसर्गाच्या व्यवहारात आपण केलेला अहस्तक्षेप आहे.

पहिली पायरी: कीड येण्यापूर्वी

मारण्याची वेळच येऊ नये, ही सर्वांत शुद्ध अहिंसा. ती बी पेरण्याच्या दिवशी सुरू होते.

एकाच जागी वर्षानुवर्षे शेंगवर्गीय पीक घेऊ नये. यंदा घेवडा असेल तेथे पुढच्या हंगामात भेंडी किंवा दोडका लावावा. वेली दाटीने लावू नयेत. वाल-पावट्यासारख्या पसरणाऱ्या वेलींत दोन ते तीन फुटांचे अंतर असावे आणि त्यांना मांडवावर वा सुतळीवर चढवावे. हवा खेळली की दमटपणा राहत नाही. बुटका घेवडा असेल तर एका ओळीत वीतभर अंतर पुरते.

शेंगवर्गीय झाडे मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्वतः मिळवतात. त्यांना युरिया घालणे म्हणजे तृप्त पाहुण्याला आग्रहाने वाढणे. नत्र जास्त झाले की पान लुसलुशीत होते आणि मावा नेमका त्याच पानावर उतरतो. वेलीला कुजलेले शेणखत आणि माफक पाणी पुरे. खत पूर्ण कुजलेले असावे, अर्धवट कुजलेल्या खतात जीवांची वस्ती असते.

परसाच्या कडेने मक्याची वा ज्वारीची एक दाट ओळ लावली तर वाऱ्याबरोबर येणारा मावा आणि पांढरी माशी यांना तो आडोसा होतो. मधूनमधून झेंडू लावावा. झेंडूची फुले पूजेला येतात आणि मुळे जमिनीतील सूत्रकृमींना दूर ठेवतात.

दुसरी पायरी: आडोसा

आपल्या परंपरेला सर्वांत जुळणारा उपाय कोणता असे विचारले, तर उत्तर एकच: जाळी. मच्छर मारण्याची अगरबत्ती पेटवण्याऐवजी मच्छरदाणी लावावी, त्यातलाच हा न्याय. बी उगवताच चार काठ्या रोवून त्यांवर मच्छरदाणीचे कापड सोडावे आणि खालची कड मातीने दाबावी. पतंग आत येत नाही, अंडी घालत नाही, अळी जन्मत नाही. मरणारा जीवच तेथे निर्माण होत नाही. पांढऱ्या माशीसाठी जाळी अधिक बारीक लागते. चाळीस मेशची कीटकरोधक जाळी मिळते, ती वापरावी.

जाळीने फुलांचे परागीभवन थांबेल अशी शंका येते. भोपळा, दोडका, काकडी यांच्या बाबतीत ती खरी आहे, तेथे मधमाशी हवीच. परंतु घेवडा, चवळी आणि गवार यांचे परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलातच होते, म्हणून त्यांना जाळीत ठेवूनही शेंगा धरतात. हा निसर्गाने श्रावकावर केलेला उपकारच समजावा.

माव्याला राखणाऱ्या मुंग्यांसाठीही आडोसाच उत्तम. फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची युक्ती आपल्या आजींना ठाऊक होती. कुंडी पाण्याच्या उथळ ताटलीत विटेवर ठेवावी. मुंगी पाणी पाहून परत फिरते, आणि राखणदार गेले की माव्याची संख्या आपोआप आटोक्यात येते. ताटलीतील पाणी मात्र गाळलेले असावे आणि रोज बदलावे, नाहीतर तेथे डासांची उत्पत्ती होईल.

तिसरी पायरी: पाणी, हात आणि मोरपीस

तरीही मावा दिसलाच, तर सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर गाळलेल्या पाण्याचा हलका झोत द्यावा. मावा खाली पडतो. लाल कोळ्यासाठीही धूळ धुणे हाच पहिला उपचार. पडलेल्या साऱ्याच जीवांची पीडा टळते असे म्हणता येणार नाही, पण विषाने तडफडण्यापेक्षा हे पुष्कळ सौम्य. सकाळची वेळ अशासाठी की, दिवसभरात पाने वाळतात आणि बुरशी धरत नाही.

भुंगेरे आणि अळ्या हाताने दूर करता येतात. बोटांनी चिमटीत धरण्यापेक्षा मोरपीस किंवा मऊ कुंचला वापरावा, खाली सुपली धरावी आणि जीव अलगद तिच्यात घेऊन परसाबाहेर, बांधावरील रानझुडपात सोडावा. मुनींच्या हातातील पिंछीचा अर्थ ज्यांना कळतो, त्यांना या कृतीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गुंफलेली फुले आणि छिद्र पडलेल्या शेंगा अळीसह तोडून तेथेच ठेवाव्यात. त्या चुलीत घालू नयेत वा पाण्यात बुडवू नयेत. केवड्याने पिवळा पडलेला वेल लवकर उपटावा, कारण तो बरा होत नाही. उपटण्यापूर्वी तो हलवून त्यावरील जीवांना उडून जाऊ द्यावे आणि मग दूर टाकावा. जाळू नये.

दिवसाआड दहा मिनिटे वेलीपाशी उभे राहिले तर एवढे सारे होते. घरातील मुलांना या कामात घ्यावे. पाठशाळेत घोकलेले एकेंद्रिय, द्वींद्रिय त्यांना येथे डोळ्यांनी दिसतील.

चौथी पायरी: कडुनिंब, आणि त्याचे खरे रूप

कडुनिंबाचा महिमा आपल्याकडे जुना आहे. धान्याच्या कणगीत, दुलईच्या घडीत निंबाचा पाला घालणारी पिढी अजून घराघरांत आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा साऱ्या झाडांचा फडशा पडला आणि कडुनिंब तेवढा हिरवा राहिला, हे हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले. तेथून पाश्चात्त्य जगात निंबाचा अभ्यास वाढला. पुढे निंबतेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर एका अमेरिकी कंपनीने तेथील कृषी खात्यासह युरोपात पेटंटही मिळवले. हे ज्ञान भारतात आधीपासूनच आहे, असा आक्षेप घेतला गेला. २००० साली युरोपीय पेटंट कार्यालयाने ते पेटंट रद्द केले आणि २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले. आपल्या आजीचे ज्ञान असे न्यायाच्या दरबारात टिकले.

निंबोळी अर्क घरी करणे सोपे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, बिया सावलीत वाळवाव्यात. एक लिटर अर्कासाठी पन्नास ग्रॅम बिया भरड कुटून, फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात ठेवाव्यात. सकाळी पुरचुंडी चांगली पिळून, गाळून, पाणी घालून एक लिटर करावे आणि पानांवर चिकटण्यासाठी त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा. हा पाच टक्के अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर वापरावा. निंबातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य उन्हात लवकर निकामी होते आणि सायंकाळी मधमाश्याही पोळ्यात परतलेल्या असतात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावा.

आता त्याचे खरे रूपही सांगितले पाहिजे. निंबाने कीड केवळ दूर जाते असे नाही. त्याच्या वासाने व कडवटपणाने पुष्कळ कीटक वेलीकडे फिरकत नाहीत हे खरे. पण जे ती पाने खातात त्यांची भूक मंदावते, अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि काही मरतात. म्हणून निंबाला अहिंसक औषध म्हणण्याची घाई करू नये. वेलीवर कीड नसताना, ती येऊ नये म्हणून फवारलेला अर्क हा आडोशाच्या जवळ जातो. कीड बसल्यावर तिच्या अंगावर मारलेला तोच अर्क संहाराच्या जवळ जातो. द्रव्य एकच, पण भाव बदलला की कर्मबंध बदलतो. पहाटेच्या दवावर चाळलेली लाकडाची राख विरळ भुरभुरणे हाही असाच दूर ठेवणारा जुना उपाय. तोही आधी करावा.

नैसर्गिक म्हणजे निर्दोष नव्हे

सेंद्रिय शेतीच्या पुस्तिकांत अनेक कृती असतात. त्या जैन घराने डोळे मिटून उचलू नयेत. लसूण-मिरचीचा ठेचा अनेक ठिकाणी सांगतात. ज्या घरात लसूण उंबरठा ओलांडत नाही त्यांना तो नको, आणि तिखटाने जीवांना होणारी आग हीही पीडाच. दशपर्णी अर्कात रुई, कण्हेर अशा विषारी वनस्पती असतात आणि तो शेण-गोमूत्रात महिनाभर आंबवतात. शिळ्या पदार्थांतील जीवोत्पत्ती टाळणाऱ्या घराला त्या पिंपातील असंख्य जीवांचा विचार करावा लागेल. तंबाखूचा काढा तर साक्षात विष. त्यातील निकोटीन माणसालाही घातक आहे. पिवळे चिकट सापळे विनारसायन असतात, पण त्यांवर चिकटलेली माशी तिळतिळ मरते. साबणाचे दाट पाणी माव्याला गुदमरवते.

हे सारे उपाय रासायनिक विषाहून माणसाला आणि मातीला पुष्कळ बरे, यात शंका नाही. शेतकरी बांधवांनी ते अवश्य वापरावेत. त्यांच्यासाठी ही मोठी पुढची पायरी आहे. पण विनारसायन आणि अहिंसा हे दोन शब्द समानार्थी नाहीत, एवढे भान आपण ठेवावे. कोणती मर्यादा आपली, हे प्रत्येक घराने आपल्या व्रताप्रमाणे आणि गुरुजनांना विचारून ठरवावे.

तीव्र विषाची किंमत

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये जो वायू पसरला, तो कीटकनाशक तयार करण्याच्या कारखान्यातला होता. तेथे बनणारे कार्बारिल भाज्यांवरही फवारले जाई. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरण्यास २००५ पासून मनाई झाली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. किडीसाठी आणलेले विष कीड आणि माणूस असा भेद करत नाही, हे महाराष्ट्राने आपल्याच मातीत पाहिले.

शेंगभाजीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. शेंगांची तोडणी दर दोन-चार दिवसांनी होते. फवारणीनंतर ठरावीक दिवस तोडणी करू नये असे वेष्टनावर लिहिलेले असते; ते दिवस पाळायचे तर मधल्या साऱ्या शेंगा जून होतात. परिणामी ते पाळले जात नाहीत आणि विष ताटात येते.

व्यापाऱ्याचा वाटा

आपल्या समाजातील अनेक घरांचा चरितार्थ धान्य, कडधान्य आणि कृषिसाहित्याच्या व्यापारावर आहे. श्रावकाचारातील पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापार, स्पष्टपणे वर्ज्य सांगितला आहे. चालते दुकान एका दिवसात बंद करता येत नाही, हे खरे. पण दुकानात काय पुढे मांडायचे हे आपल्या हाती असते. कीटकरोधक जाळी, निंबोळी अर्क, निंबपेंड, मांडवाची सुतळी दर्शनी फळीवर यावी. लाल त्रिकोणाची बाटली अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, हा वेष्टनावरील चढ-उतार गिऱ्हाइकाला समजावून सांगावा. परसासाठी औषध मागणाऱ्याला बाटली न विकता जाळी विकणारा दुकानदार थोडा नफा सोडेल, पण एक खाते निर्मळ ठेवेल. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे शेतकऱ्याला पाठवणे हीही सेवाच.

कडधान्याच्या व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. साठवणीत लागणारा भुंगा पुष्कळदा शेतातूनच येतो. पक्व होत आलेल्या शेंगांवर मादी अंडी घालते आणि ती दाण्यांबरोबर गोदामात शिरतात. नंतर विषारी गोळ्या ठेवून संहार करण्यापेक्षा शेंगा वेळेवर तोडणे, दाणे दाताखाली कडक लागेपर्यंत उन्हात वाळवणे आणि घरच्या साठ्याला एरंडेलाचा पातळ हात देणे, या जुन्या रीती उत्तम. अख्ख्या दाण्यापेक्षा डाळीला भुंगा फारच कमी लागतो, कारण अंडी घालायला त्याला अख्खा दाणा हवा असतो. म्हणून माल लवकर भरडून घेणे हे नफ्याचेही आहे आणि दयेचेही.

पाचवी पायरी: सोडून देणे

सारे करूनही काही शेंगा किडतील. जाळी फाटेल, ढगाळ हवा लांबेल, मावा जिंकेल. तेव्हा शेवटची पायरी त्यागाची. वेलीवरच्या काही शेंगा आपल्या नाहीत, असे आधीच धरून चालावे. आठ वेलींची गरज असेल तर दहा लावावेत. व्यापारात तूट धरून भाव ठरवतो, तशीच ही तूट, आणि या खात्यावर तूट हीच जमा असते.

शेंगा घरात आल्यावरचे काम श्राविकेला ठाऊकच आहे: शेंग उजेडात उलगडावी, छिद्र पाहावे, अळी निघाली तर सालीसह परसात नेऊन सोडावी, मगच पातेले चुलीवर चढवावे. जिच्यासाठी एकही जीव संकल्पाने मारला गेला नाही अशी घेवड्याची साधी भाजी पारण्याच्या दिवशी ताटात असावी, आणि वाढणाऱ्या हाताला ती कशी पिकली हे ठाऊक असावे.